घरगुती खाद्यव्यवसायाला ऑनलाइन गिऱ्हाईक कसे मिळते

घरी केलेले पदार्थ विकून संसाराला हातभार लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. गिरगावातील सात महिलांनी 15 मार्च 1959 रोजी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. त्या काळी माल गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याच्या वाटा मोजक्या होत्या: ओळखीचा दुकानदार, शेजारपाजारची शिफारस, एखादे प्रदर्शन. दुकानदार माल ठेवून घेणार की नाही आणि पैसे कधी देणार, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असे.

ही अडचण गेल्या दशकात बरीच कमी झाली. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि जानेवारी 2018 मध्ये लहान व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप दाखल झाले. पदार्थ दाखवणे, ऑर्डर घेणे आणि पैसे स्वीकारणे ही तिन्ही कामे एका फोनवर होऊ लागली. दुकानाची पागडी किंवा भाडे न भरता धंदा सुरू करणे शक्य झाले. मात्र ही सोय सगळ्यांनाच मिळाल्यामुळे त्याच शहरात तोच पदार्थ विकणारे पन्नास जण गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसू लागले. त्यामुळे नव्या व्यावसायिकासमोरचा प्रश्न बदलला. दिसण्याचा खर्च कमी झाला. विश्वास बसवण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले. या धंद्यात पहिली ऑर्डर मिळवताना खर्च होतो आणि कमाई होते ती दुसऱ्या, तिसऱ्या ऑर्डरवर. ऑनलाइन प्रसिद्धीचे प्रत्येक पाऊल या एका कसोटीवर तपासावे लागते.

गिऱ्हाईक आणि पदार्थ

‘सगळ्यांसाठी सगळे’ विकणारा नवा व्यवसाय कोणाच्याच लक्षात राहत नाही. सुरुवातीला एकच पदार्थ किंवा एकाच प्रकारचे पदार्थ घेऊन नाव करणे सोपे जाते: भाजणीची चकली, उकडीचे मोदक, मालवणी मसाला, उपवासाचे पदार्थ. त्याबरोबरच हा पदार्थ कोण विकत घेणार, हेही ठरवावे लागते. दोघेही नोकरी करणारे कुटुंब, एकटे राहणारे ज्येष्ठ, वसतिगृहातील विद्यार्थी आणि परदेशातील मुलाला फराळ पाठवणारे आईवडील या चौघांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. नोकरदाराला वेळेवर घरपोच माल हवा असतो, ज्येष्ठांना कमी तेल-तिखटाचा आणि छोट्या पाकिटातला, विद्यार्थ्याला स्वस्त आणि टिकाऊ. परदेशी पाठवणाऱ्याला तर चवीआधी पॅकिंगची खात्री हवी असते. गिऱ्हाईक ठरले की फोटोत काय दाखवायचे, भाषा कशी ठेवायची आणि जाहिरात कोणत्या भागात करायची, हे आपोआप ठरत जाते.

मराठी घराचे वर्ष हेच या धंद्याचे वेळापत्रक असते. मार्च ते मे पापड, कुरडया, सांडगे अशी वाळवणे आणि वर्षाचे मसाले, मे-जूनमध्ये लोणची आणि आंब्याचे पदार्थ, श्रावणात उपवासाचे जिन्नस, गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी. गिऱ्हाईक त्या-त्या सणाच्या आधी दोन-तीन आठवडे शोध घेऊ लागते. परदेशी जाणाऱ्या दिवाळीच्या फराळाची चौकशी तर त्याहून बरीच आधी सुरू होते. दिवाळीच्या आठवड्यात फराळाचा पहिला फोटो टाकणाऱ्याला उशीर झालेला असतो.

नाव, नोंदणी आणि लेबल

व्यवसायाचे नाव उच्चारायला आणि फोनवर टाइप करायला सोपे असावे. ‘अन्नपूर्णा’, ‘गृहिणी’, ‘स्वाद’ अशी नावे गावोगावी आहेत; ती शोधली की दहा वेगळेच व्यवसाय समोर येतात. नाव पक्के करण्याआधी ते गूगलवर, इन्स्टाग्रामवर आणि ट्रेडमार्क नोंदवहीच्या संकेतस्थळावर तपासून पाहावे. व्यक्ती आणि लघुउद्योग यांच्यासाठी ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. मसाले आणि पिठाचे पदार्थ 30 व्या वर्गात, तर लोणची 29 व्या वर्गात मोडतात. हा अर्ज पहिल्या दिवशी करणे सक्तीचे नाही, पण नाव चालू लागल्यावर उशीर करू नये.

खाद्यपदार्थ घरी केलेले असले तरी ते विकण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला नोंदणी आणि मोठ्याला परवाना अशी व्यवस्था आहे. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर करता येतो. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन पाहते. मिळणारा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. बंद पाकिटाच्या लेबलवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती काळ वापरता येईल, उत्पादकाचा पत्ता, करांसह कमाल किंमत आणि शाकाहारासाठी हिरवे चिन्ह हा तपशील असतो. हाच तपशील ऑनलाइन फोटोतही स्पष्ट वाचता यावा. अनोळखी माणसाकडून पहिल्यांदा खाद्यपदार्थ मागवणारे गिऱ्हाईक पाकिटाची मागची बाजू पाहते आणि तिथला क्रमांक त्याला धीर देतो.

उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. ती आधारच्या साहाय्याने विनाशुल्क होते, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून सावध राहावे. जीएसटीची बाजूही आधीच समजून घ्यावी. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या वर गेल्यावर नोंदणी करावी लागते. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. पुण्याहून बेंगळुरूला चकली पाठवण्याची जाहिरात करण्यापूर्वी कर सल्लागाराशी बोलून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

किंमत

प्रसिद्धीवर किती पैसे घालता येतील, हे किमतीवरून ठरते. समजा, एक किलो भाजणीच्या चकलीला भाजणी, तेल, तीळ आणि मसाला मिळून 210 रुपये लागतात, गॅसला 25, डबा आणि लेबलला 30, मोडतोडीला 15 आणि मजुरीला 120. एकूण खर्च 400 रुपये झाला. विक्रीची किंमत 520 ठेवली तर किलोमागे 120 रुपये उरतात. अनेक घरगुती व्यावसायिक या हिशेबात स्वतःची मजुरी धरतच नाहीत, चकली 400 रुपयांना विकतात आणि कमी किमतीमुळे आलेल्या गर्दीला यश समजतात. पुढे मदतीला बाई ठेवण्याची वेळ आली की तिचा पगार त्या किमतीतून निघत नाही. वाढवलेली किंमत मग जुन्या गिऱ्हाइकांच्या गळी उतरवणे फार कठीण जाते.

किंमत सर्वांना दिसेल अशी लिहावी. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असे लिहिल्याने चौकशा वाढतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांना ती किंमत परवडणारी नसते आणि उत्तरे देण्यात वेळ जातो. वजन, किंमत, घरपोच आणण्याचा आकार आणि किमान ऑर्डर या चार गोष्टी एकाच ठिकाणी असल्या की विचारणा करणारा बहुधा घेण्याच्या तयारीनेच येतो.

गूगलच्या नकाशावरची जागा

इन्स्टाग्रामवर माणूस करमणुकीसाठी जातो. गूगलवर तो गरज घेऊन येतो. ‘उकडीचे मोदक कोथरूड’ असे शोधणाऱ्याला मोदक आजच हवे असतात. म्हणून नव्या व्यवसायाने पहिले काम गूगल बिझनेस प्रोफाइल उघडण्याचे करावे. ही नोंद विनामूल्य आहे. स्थानिक शोधात कोणाचे नाव वर दिसावे हे ठरवताना गूगल प्रामुख्याने तीन गोष्टी पाहते: शोधाशी जुळणारा व्यवसाय, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. पैसे देऊन या यादीत वरचे स्थान मिळत नाही. ते मिळवून देतो असे सांगून फोन करणाऱ्या एजंटांना पैसे देण्यात अर्थ नसतो.

घरातून चालणाऱ्या धंद्याला राहता पत्ता जगाला दाखवण्याची गरज नाही. पत्ता लपवून केवळ सेवा देण्याचे भाग नोंदवता येतात. असे 20 पर्यंत भाग देता येतात. मात्र गिऱ्हाइकाची प्रत्यक्ष गाठ पडते अशाच व्यवसायांसाठी ही सोय आहे. घरून माल घेऊन जाण्याची सोय असणारा किंवा स्वतः घरपोच देणारा व्यवसाय इथे बसतो, फक्त कुरिअरने माल पाठवणारा बसत नाही. नोंद पक्की करण्यासाठी गूगल बरेचदा व्हिडिओ मागते. त्यात स्वयंपाकघर, उपकरणे, पाकिटे आणि व्यवसायाच्या नावाचा कागद दाखवावा लागतो.

नावाच्या रकान्यात पाटीवरचे नाव तेवढेच लिहावे. ‘स्वस्त आणि उत्तम चकली, चिवडा, लाडू पुणे’ असे शब्द नावात कोंबणे गूगलच्या नियमात बसत नाही आणि त्यापायी नोंद बंदही होऊ शकते. हे शब्द वर्णनात आणि उत्पादनांच्या यादीत वापरावेत, तेही मराठीत आणि इंग्रजीत. अनेक मराठी माणसे पदार्थाचे नाव रोमन लिपीत टाइप करून शोधतात, त्यामुळे दोन्ही लिपींत लिहिणे फायद्याचे ठरते. उघडण्याच्या वेळा खऱ्या असाव्यात. सणाच्या दिवशी बंद असेल तर तसे नोंदवावे, कारण बंद दारापर्यंत आलेला माणूस पुन्हा येत नाही.

स्वतःचे संकेतस्थळ सुरुवातीला नसले तरी चालते. पुढे करायचे झाल्यास नाव, पदार्थ, किंमत, फोटो, नोंदणी क्रमांक आणि व्हॉट्सॲपची लिंक असलेले एक पानही पुरते. 2014 पासून ‘.भारत’ या देवनागरी शेवटाचे पत्तेही मिळतात, पण गिऱ्हाईक टाइप करते तो पत्ता साधारणपणे रोमन लिपीतला असल्याने देवनागरी पत्ता जोडीला ठेवावा.

व्हॉट्सॲपवरचा व्यवहार

महाराष्ट्रातील घरगुती धंद्याची खरी गादी व्हॉट्सॲपवर असते. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्यावा आणि तो व्हॉट्सॲप बिझनेसवर चालवावा. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन आणि किंमत येते. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवता येतात. ‘नवी चौकशी’, ‘पैसे बाकी’, ‘पोचले’ अशी लेबले लावून ऑर्डरी वेगळ्या ठेवता येतात. रात्री अकराला आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जाते आणि सकाळी माणूस बोलतो.

ऑर्डर पक्की करणारा मेसेज नीट लिहिला तर निम्मे गैरसमज टळतात. उदाहरणार्थ: ‘नमस्कार काकू. तुमची ऑर्डर: भाजणीची चकली 1 किलो, पातळ पोह्यांचा चिवडा अर्धा किलो. एकूण 690 रुपये, घरपोच 40 रुपये. शनिवारी संध्याकाळी 5 ते 7 मध्ये पोचेल. चकली 20 दिवस टिकते, डबा घट्ट बंद ठेवा. चिवड्यात शेंगदाणे आहेत. कोणाला चालत नसतील तर आजच कळवा.’ या पाच-सहा ओळींत माल, पैसे, वेळ, टिकाऊपणा आणि ॲलर्जी या सगळ्यांची नोंद झाली. वाद झालाच तर हा मेसेज दोघांसमोर असतो.

जुन्या गिऱ्हाइकांना एकत्र कळवण्यासाठी ब्रॉडकास्ट यादी उपयोगी पडते. एका यादीत 256 नंबर मावतात आणि ज्यांनी व्यवसायाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच हा मेसेज मिळतो. म्हणून पहिल्या डब्यासोबत नंबर सेव्ह करण्याची विनंती करणारी चिठ्ठी ठेवावी. सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपमधून नंबर उचलून मेसेज पाठवू नयेत. वैतागलेल्या लोकांनी ब्लॉक आणि तक्रार केली की नंबरच बंद पडण्याचा धोका असतो, आणि त्याच नंबरवर जुनी गिऱ्हाइके अवलंबून असतात. महिन्यातून दोन-तीन मेसेज पुरेसे. त्यात रोजचे सुविचार नकोत.

फोटो आणि रील

पदार्थाचा वास आणि चव फोनमधून जात नाही, त्यामुळे ते काम फोटोला करावे लागते. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान खिडकीशेजारी टेबल ठेवून, ट्यूबलाइट बंद करून, उजेड बाजूने येईल असा फोटो घ्यावा. ट्यूबलाइटखाली चकली करपलेली दिसते आणि बेसनाचा लाडू फिकट. एक चकली मोडून तिची आतली जाळी दाखवली की खुसखुशीतपणा वेगळा सांगावा लागत नाही. लाडू फोडला की रवाळपणा दिसतो. मोदकाची कळी जवळून दाखवली की हाताचे कसब कळते. इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीही वापरू नये. डबा उघडल्यावर गिऱ्हाईक मनातल्या मनात फोटोशी तुलना करतेच.

इन्स्टाग्रामने जुलै 2020 मध्ये, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर थोड्याच दिवसांत, भारतात रील सुरू केली. तेव्हापासून फॉलोअर नसलेल्या व्यवसायाचा व्हिडिओही अनोळखी लोकांपर्यंत पोचू शकतो. चालतात त्या रील बहुधा कामाच्याच असतात: सोऱ्यातून पडणारी चकली, कढईतले बुडबुडे शांत होण्याचा क्षण, खलबत्त्यात कुटला जाणारा मसाला. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पदार्थ दिसला पाहिजे. नमस्कार आणि ओळख नंतर. अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून पदार्थाचे नाव, गाव आणि ऑर्डरची शेवटची तारीख पडद्यावर लिहावी. व्यावसायिक खात्यांना लोकप्रिय चित्रपटगीते वापरण्यावर मर्यादा आहेत. तेलाचा चरचर आवाज किंवा स्वतःचे बोलणे त्याहून चांगले काम करते.

रील लाखभर लोकांनी पाहिली तरी त्यातले बहुतेक माल पोचू शकत नाही अशा गावांत असतात. सांगलीतील व्यवसायाला सांगली, मिरज, कुपवाडचे पाचशे प्रेक्षक अधिक मोलाचे. म्हणून पोस्टमध्ये जागेचा उल्लेख करावा, गावातल्या इतर व्यवसायांबरोबर मिळून पोस्ट टाकाव्यात आणि विकत मिळणाऱ्या फॉलोअरच्या फंदात पडू नये. असे फॉलोअर काही विकत घेत नाहीत.

अभिप्राय आणि तक्रारी

अनोळखी गिऱ्हाईक सर्वात आधी इतरांचे अभिप्राय वाचते. माल पोचल्यावर एक-दोन दिवसांनी, चव ताजी आठवत असताना, गूगलची लिंक पाठवून अभिप्राय मागावा. त्या बदल्यात सवलत किंवा भेट देऊ करणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे. नातेवाइकांकडून लिहून घेतलेले गोडवे वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचे अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोनेही 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक प्रसिद्ध केले.

वाईट अभिप्रायाला दिलेले उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते. ‘आमच्याकडे असे होतच नाही’ हे उत्तर त्या शंभरांना दूर लोटते. ‘लाडू फुटलेले पोचले, याबद्दल दिलगीर आहोत. तुम्हाला उद्या दुसरा डबा पाठवत आहोत. यापुढे लाडू खाचांच्या ट्रेमध्ये भरून पाठवू,’ या उत्तराने चूक मान्य होते, भरपाई होते आणि पुढची काळजीही दिसते. तक्रार नीट मिटली की तेच गिऱ्हाईक बरेचदा कायमचे होते.

जाहिरातीतले दावेही तोलूनमापून करावेत. अन्न सुरक्षा व मानके (जाहिराती व दावे) नियमावली 2018 नुसार दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना मनाई आहे. ‘मधुमेह बरा करणारे पीठ’ असे लिहिणे कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. ‘शंभर टक्के’ हा शब्दप्रयोगही टाळण्याची सूचना प्राधिकरणाने 2025 मध्ये खाद्यव्यावसायिकांना केली. एखाद्या फूड ब्लॉगरला पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेतला, तर ती जाहिरात आहे हे त्या व्हिडिओत स्पष्ट दिसले पाहिजे.

पैसे देऊन केलेली जाहिरात

गूगलची नोंद, कॅटलॉग, दहा-बारा चांगले फोटो आणि निदान काही खरे अभिप्राय तयार झाल्यावरच जाहिरातीवर पैसे घालावेत. त्याआधी आणलेले लोक रिकामे दुकान पाहून परत जातात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील जाहिरातीला ठरावीक परिसराची मर्यादा घालता येते आणि जाहिरातीवर टिचकी मारली की थेट व्हॉट्सॲपचा संवाद उघडेल अशी सोय आहे. घरगुती धंद्याला हाच प्रकार सर्वात सोयीचा पडतो. पोस्टखालच्या ‘बूस्ट’ बटणापेक्षा ॲड्स मॅनेजरमधून जाहिरात केली तर परिसर, वयोगट आणि उद्देश नेमका निवडता येतो.

वरच्या चकलीच्या उदाहरणावर हिशेब असा मांडता येईल. समजा जाहिरातीवर 2,000 रुपये खर्च केले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,360 रुपये गेले. 60 जणांनी मेसेज केला आणि 12 जणांनी एकेक किलो चकली घेतली. एका नव्या गिऱ्हाइकावर सुमारे 197 रुपये पडले, तर एका किलोवर नफा 120 रुपये. बारा किलोंचा नफा 1,440 रुपये, म्हणजे पहिल्या फेरीत 920 रुपयांचा तोटा. इथे थांबले तर जाहिरात फसली असेच वाटेल. पण बारापैकी सहा जणांनी पुढे जाहिरातीविना आणखी दोन-दोन किलो घेतली, तर आणखी 1,440 रुपये मिळतात. एकूण नफा 2,880 होतो आणि जाहिरातीचा खर्च वजा जाता 520 रुपये उरतात. त्यानंतरची प्रत्येक ऑर्डर निव्वळ नफ्यात भर घालते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. जे गिऱ्हाईक परत येत नाही, त्याला जाहिरातीने आणणे घाट्याचे असते. आणि परत येण्याचे प्रमाण सहावरून आठवर नेणे, हे आणखी 2,000 रुपयांची जाहिरात करण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यासाठी लागते ती दर खेपेला तीच चव, दिलेली वेळ पाळणे आणि मालासोबत एखाद्या नव्या पदार्थाची छोटी चव. जाहिरात एका वेळी थोड्या पैशांत करावी, दोन वेगळे फोटो लावून कोणता अधिक मेसेज आणतो ते पाहावे आणि मग रक्कम वाढवावी.

माल पोचवणे आणि बाजारमंच

ऑनलाइन धंद्यात गिऱ्हाइकाला विक्रेत्याचे पहिले प्रत्यक्ष दर्शन डब्यातून होते. चकली, करंजी आणि शंकरपाळी हवाबंद पिशवीत आणि त्यावर कडक डब्यात हवी. तळलेला पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच भरावा, नाहीतर वाफ धरून तो मऊ पडतो. लांबच्या गावी पाठवण्याआधी एक डबा स्वतःच्या नातेवाइकाला कुरिअरने पाठवून पाहावा. पोचल्यावरचा फोटो मागवला की पॅकिंगची खरी परीक्षा होते. परदेशी पाठवताना त्या देशाचे नियम आधी पाहावेत, कारण अनेक देशांत दुधापासून केलेल्या पदार्थांवर निर्बंध आहेत. पोस्टातून आणि खासगी कुरिअरने फराळ परदेशी जातो. पार्सलमधील पदार्थांची यादी मात्र इंग्रजीत, वजनासह लिहावी लागते.

मोठ्या बाजारमंचांवर गिऱ्हाइकांची गर्दी आयती मिळते, पण दर विक्रीवर कमिशन जाते आणि गिऱ्हाइकाचा नंबर बहुधा विक्रेत्याच्या हाती लागत नाही. दुसरी ऑर्डर मिळवण्याचे साधनच त्यामुळे हातातून निसटते. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यांतर्गत मालविक्रीसाठी अशा मंचांवर येण्याची सोय झाली. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नोंद क्रमांक घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर 2021 मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्यावर एका विक्रेता ॲपमधून नोंद केली की अनेक खरेदी ॲपवर माल दिसतो. ग्रामीण बचत गटांसाठी राज्याच्या उमेद अभियानाची प्रदर्शनेही उपयोगी असतात. तिथे स्टॉलवर क्यूआर लावून चव घेतलेल्या लोकांचे नंबर त्यांच्या संमतीने नोंदवले तर प्रदर्शन संपल्यावरही विक्री चालू राहते.

पैसे आणि फसवणूक

बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही, त्यामुळे क्यूआर हे सर्वात स्वस्त साधन आहे. नव्या गिऱ्हाइकाकडून, विशेषतः सणाच्या मोठ्या ऑर्डरीसाठी, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि रद्द करण्याची मुदत आधी सांगावी.

फसवणुकीचे काही प्रकार ठरलेले आहेत. पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवला जातो, म्हणून रक्कम खात्यात आलेली पाहिल्याशिवाय डबा देऊ नये. कोणी सैन्यातील अधिकारी असल्याचे सांगून मोठी ऑर्डर देतो आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला सांगतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोडही कोणाला सांगू नये आणि दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

हिशेब आणि वाढ

लाइक आणि फॉलोअर मोजून धंदा कुठे आहे ते कळत नाही. एका वहीत किंवा साध्या एक्सेलमध्ये पाच रकाने ठेवावेत: गिऱ्हाइकाचे नाव, ते कुठून आले, काय घेतले, किती रुपयांचे आणि कितव्यांदा. ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारावा. तीन महिन्यांनी वही पाहिली की गूगलने किती आणले, जाहिरातीने किती, जुन्या गिऱ्हाइकांच्या शिफारशीने किती आणि त्यातले परत कोण आले, हे स्पष्ट दिसते. जिथून येणारे लोक परत येतात, तिथे वेळ आणि पैसा वाढवावा.

वाढीलाही मर्यादा आखून घ्यावी. दोन माणसांच्या हातून दिवसाला दहा किलो चकली होत असेल तर पंधरा किलोंची ऑर्डर घेतल्याने पाच किलो घाईची, कच्ची किंवा उशिराची होते आणि त्यातून तुटलेले गिऱ्हाईक जाहिरातीने परत येत नाही. हात भरले की ‘या आठवड्याच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या, पुढच्या आठवड्याची नोंद सुरू’ असे जाहीर करावे. मागणी सतत क्षमतेपेक्षा जास्त राहू लागली तर यंत्र, जागा आणि माणसे वाढवण्याचा विचार योग्य ठरतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत यासाठी कर्जाशी निगडित 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. अर्ज करण्याआधी तिची सद्यस्थिती जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. कर्ज किती घ्यावे हे मात्र परत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नोंदीवरून ठरवावे, कारण हप्ते फेडणारी मिळकत त्यांच्याचकडून दर महिन्याला येणार असते.